लिमलेट तोंडात असेपर्यंत

आत्याबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव पगाराच्या स्लिपवर असायचं आणि तिथेच राहायचं. हे दुसरं नाव त्यांना एका वादावादीत मिळालं.

आम्ही दवाखान्यात लागणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहायचो. पेशंटच्या उशाशी खांबाला अडकवलेली औषधाची पिशवी, तिच्यातून निघालेली नळी, आणि मधे जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन. औषध शिरेत किती वेगाने सोडायचं ते हे मशीन सांभाळतं, आणि कसं सांभाळायचं ते मशीनला आम्ही शिकवतो. औषध कमी गेलं तर गुण येत नाही. एकदम गेलं तर माणूस हातचा जाऊ शकतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची गोष्ट समजेल.

तर एका बैठकीत एक प्रोग्रॅमर आपलं काम ऐटीत समजावून सांगत होता. हुशार माणूस, पण जिभेला हाड नाही, म्हणून सगळे त्याला खवचट म्हणायचो. बाईंनी त्याला मधेच विचारलं, "समजा, नेमके इथेच दिवे गेले तर?"

"बॅटरी आहे की."

"समजा, बॅटरीही उतरलेली असली तर?"

"आणि समजा, आत्याबाईला मिशा असत्या तर?" तो वैतागून म्हणाला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तर तिला आत्या म्हणायचं की काका, हे मशीनला आधीच सांगून ठेवायला हवं. ऐन वेळी ते कोणाला विचारणार?"

खवचटसकट सगळे हसलो, आणि त्या दिवसापासून त्या आत्याबाई झाल्या. त्यांना राग नव्हता. उलट कोणी नवीन माणूस खऱ्या नावाने हाक मारू लागला की त्या इकडेतिकडे बघायच्या.

मी टेस्टिंगमध्ये होते. लिहून झालेला प्रोग्रॅम चालवून, छळून, आपटून बघायचा आणि तो कुठे मोडतो ते सांगायचं, हे माझं काम. मला त्या कामाचा फार अभिमान होता आणि बैठकींचा तितकाच तिटकारा. त्यामुळे आत्याबाईंकडे 'वाचना'ची जबाबदारी आहे असं कळलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. प्रोग्रॅम चालवायच्या आधी चार माणसांनी बसून तो कागदावर वाचायचा म्हणे. मला ते लग्नाआधी संसार करून बघण्यासारखं वाटलं. आत्याबाईंना मी तसं बोलूनही दाखवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं टेस्टिंग म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आम्ही आधी गोठ्याचं दार बघतो."

मला झोंबलं. पण मी वाचनाला जाऊन बसले, ती बसलेच.

खोली पाण्याच्या कूलरशेजारी होती. एकच खिडकी, तीही मागच्या भिंतीकडे उघडणारी, आणि बाहेर एसीचं पाणी बादलीत टपटपत असायचं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर प्रत्येकापुढे प्रोग्रॅमचे छापलेले कागद, ओळीओळीला आकडा घातलेला. स्क्रीनवर वाचायला आत्याबाईंची बंदी होती. स्क्रीनवर माणूस वाचत नाही, नुसता खाली सरकतो, असं त्यांचं म्हणणं.

खोलीचे नियम त्यांचेच. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने वाचायचा नाही, दुसऱ्याने वाचायचा. तोही अक्षरं वाचून नाही, तर ही ओळ काय करते ते साध्या बोलीत सांगत. सांगता आलं नाही तर ती ओळ दोषी. कोणी 'तू इथे चुकलास' म्हणायचं नाही, 'ही ओळ चुकते' म्हणायचं. चूक सापडली की नोंदवायची, तिथल्या तिथे दुरुस्त करायला बसायचं नाही. डोकं शिणलं की वाचन बंद. साहेबांना तर खोलीत मज्जावच होता, कारण साहेब बसले की माणसं चुका शोधायच्या सोडून अब्रू सांभाळत बसतात.

आणि लेखकाने गप्प बसायचं. हा सगळ्यात अवघड नियम. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे प्रोग्रॅमच्या बाबतीत जितकं खरं आहे तितकं पोटच्या पोरांच्या बाबतीतही नसेल. लेखकाला सारखं मधे बोलावंसं वाटतं, 'तसं नाही, मला असं म्हणायचं होतं'. आत्याबाईंचं त्यावर म्हणणं असं, की तुला काय म्हणायचं होतं ते मशीनला ठाऊक नाही, आणि तू काही प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसणार नाहीस. म्हणून त्यांच्याजवळ लिमलेटच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा असे. वाचन सुरू होताना लेखकाला एक गोळी मिळायची. ती तोंडात असेपर्यंत त्याने मूग गिळून बसायचं, मुगाऐवजी लिमलेट इतकाच फरक. चूक नोंदली की त्याला एकच प्रश्न विचारायचा, "समजलं?" आणि त्याने एकच उत्तर द्यायचं, "समजलं." 'मान्य' म्हणायची सक्ती नव्हती आणि 'पण' म्हणायची सोय नव्हती.

त्या पहिल्या दिवशी लेखक खवचट होता. गालात गोळी, कपाळावर आठ्या. वाचणारा सावकाश सांगत होता, "इथे पिशवीत किती उरलंय ते बघितलं. इथे ते कमी केलं. इथे शून्य झालं का विचारलं." अगदी गोष्ट सांगावी तसं. आत्याबाई मधेच म्हणाल्या, "शून्य झालं का विचारलं. शून्याच्या खाली गेलं का, ते कोणी विचारलं?" सगळे कागदांत शिरले. कोणीच विचारलं नव्हतं. पिशवी रिकामी झाली तरी त्या प्रोग्रॅमने शिरेत हवा ढकलत राहायचं ठरवलं असतं. मशीन अजून सुरू झालेलं नव्हतं, कुठे एक दिवा लागला नव्हता, आणि चार माणसांनी कागदावर बोट ठेवून एका अनोळखी जिवावरचं संकट पुसून टाकलं होतं. एवढं मोठं काम इतक्या हळू आवाजात होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी कुठल्याही वाचनाला नाही म्हटलं नाही, आणि हळूहळू आत्याबाईंच्या घरीही जाऊ लागले. त्यांची आई तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. प्रत्येक सदरा उलटा करून बघायची. सुलट बाजू काय, गिऱ्हाईकही बघतं, असं ती म्हणायची. आत्याबाईंनी ते घरात पुरेपूर चालवलं होतं. बाहेर पडताना त्या गॅस बंद करायच्या आणि यजमानांना हाक मारायच्या, "अहो, मी गॅस बंद केलाय, बघून या." यजमानांनी बंद केला असला तर त्या स्वतः बघायला जायच्या. ते दोघे जिन्याखाली पोचेपर्यंत मी खाली उभी राहून कंटाळायची.

"तुमचा एकमेकांवर विश्वास नाही का?" मी एकदा विचारलं.

"एकमेकांवरच आहे," यजमान म्हणाले. "स्वतःवर नाही. संसार टिकलाय तो त्यामुळेच." आत्याबाईंनी मान डोलावली आणि कुलूप ओढून बघायला त्यांना परत वर पाठवलं.

आता मुख्य गोष्ट. पंपाचा नवा नमुना निघायचा होता. खोकी भरून तयार होती, सॉफ्टवेअर चढवायचं तेवढं बाकी, आणि दवाखाने वाट बघत होते. एक तुकडा अडला होता, कारण तो लिहिणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. काम असं: नळीला पीळ पडला किंवा पेशंटने हात दुमडला तर औषध जरा मागे पडतं. मग पंपाने वेग वाढवून ते भरून काढायचं. आत्याबाई पूर्वी स्वतः प्रोग्रॅम लिहायच्या. त्या म्हणाल्या, मी लिहिते. लिहिला, आणि फार देखणा लिहिला. आमच्या टेस्टिंगमध्ये तो एका दमात पास झाला.

मग त्याचं वाचन ठरलं. स्वतःच्या प्रोग्रॅमच्या वाचनात आत्याबाईंना पुढारपण करता येईना, म्हणून ते माझ्याकडे आलं. वाचणारा खवचट. ऑफिसात त्या दिवशी उत्साह पसरला होता. इतकी वर्षं बाईंनी सगळ्यांची उणीदुणी काढली, आता खवचट उट्टं काढणार म्हणून काहीजण दाराबाहेर घोटाळत होते. खवचटने पत्र्याचा डबा उघडला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. आत्याबाईंनी गोळी घेतली, गालात सारली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

खवचटने वाचलं. छान वाचलं. ओळीमागून ओळ, कुठे अडखळणं नाही, टोमणा नाही. कधी तो थांबून म्हणायचा, "हे बघा, हे असं लिहावं." बाकीचे माना डोलवायचे. मीही डोलवली. गोळी विरघळायच्या आत वाचन संपलं आणि चुकांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. आमच्या खोलीत असं आधी कधीच झालं नव्हतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आत्याबाई खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"एकही नाही?" त्या म्हणाल्या. "नीट बघितलंत ना?"

"बघितलं की. तुमचं आहे, त्यात काय सापडणार?" खवचट म्हणाला. त्याच्या तोंडून आलेली ती बहुधा पहिली स्तुती.

आत्याबाईंनी डोळे मिटले. "एवढी मोठी चादर धुतली आणि पाण्याला जरासुद्धा मळ नाही. म्हणजे चादर पाण्यात बुडलीच नाही. तुम्ही माझं नाव वाचलंत, ओळी वाचल्या नाहीत. हे वाचन रद्द धर."

मी त्यांना म्हटलं की रद्द धरायला काही कारण लागेल. त्या म्हणाल्या, शून्य हेच कारण.

साहेब काही वाईट माणूस नव्हे, पण खोकी दारात होती आणि फोन वाजत होते. त्यांनी आम्हाला दोघींना आत बोलावलं. "आत्याबाई, चूक सापडली म्हणून पंप थांबवला तर मी समजू शकतो. चूक सापडली नाही म्हणून थांबवायचा? दवाखान्यांना मी काय सांगू? तुमच्यावर तुमचाच भरवसा नाही, असं सांगू?"

"साहेब, मी घरी गॅस बंद केला की मिस्टरांना बघायला सांगते," त्या म्हणाल्या. "इथे बघायला जे गेले ते जिन्यावरूनच परत आले. म्हणाले, बाईंनी बंद केलाय म्हणजे बंदच असणार."

साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी. त्यानंतर खोकी निघणार."

त्यांच्या बाहेर पडतानाच्या चालीवरून मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. स्वतःची अब्रू पणाला लावून त्यांनी पंप अडवला होता. पुन्हा शून्यच निघालं असतं तर साहेबांनी पुढच्या वेळी वाचनाची खोलीच बंद केली असती, आणि हसतील त्यांचे दात दिसतील म्हणायची वेळ त्यांच्यावर आली असती. पण त्यांना भीती त्याची नव्हती. "त्या ओळींत काहीतरी आहे ग," त्या मला कूलरपाशी म्हणाल्या. "मी लिहिलंय, त्यामुळे मला ते या जन्मी दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी वाचणारा बदलला. हॉस्पिटलच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहिणारी एक चष्मेवाली आम्ही वरच्या मजल्यावरून उसनी आणली. तिला आत्याबाई कोण, काय, याची गंधवार्ता नव्हती. खवचट या वेळी नुसता ऐकायला. आत्याबाईंनी गोळी घेतली. बाहेर बादलीत पाणी टपटपत होतं.

चष्मेवाली आम्हाला वैताग येईल इतकी हळू वाचत होती. बिलं लिहिणारी माणसं कोणावर विश्वास ठेवत नाहीत. "इथे मशीन घड्याळ बघतं," ती म्हणाली. "इथे मागचं औषध कधी दिलं ते बघतं. दोन्हींत किती वेळ गेला ते काढतं. तेवढ्या वेळात किती औषध जायला हवं होतं, ते धरतं. कमी गेलं असेल तर वेग वाढवून भरून काढतं." तिने मान वर केली. "आणि कोणी मुद्दाम थांबवलं असेल तर?"

"मुद्दाम म्हणजे?" मी विचारलं.

"नर्सनं पिशवी बदलायला थांबवलं. बटण असेलच ना तसं?"

"आहे. थांबवून सुरू केलेलं टेस्टमध्ये बघितलंय," मी म्हटलं. आणि बोलता बोलता मीच चपापले, कारण टेस्टमध्ये आम्ही थांबवायचो आणि लगेच सुरू करायचो. दवाखान्यात कोण लगेच सुरू करतं? नर्स पिशवी काढते, तेवढ्यात पलीकडचा पेशंट हाक मारतो, ती तिकडे जाते.

खवचटने पानं मागे उलटली. पुन्हा पुढे आला. त्याने बोट एका ओळीवर ठेवलं आणि ते तिथून हलवेना.

"ही ओळ," तो म्हणाला आणि थांबला. इतक्या वर्षांत मी त्याला शब्द शोधताना बघितलं नव्हतं. "ही ओळ थांबलेला वेळही धरते. पंप थांबवून ठेवला, की त्याला वाटतं आपण मागे पडलो. सुरू केला की तो मागचं सगळं भरून काढायला धावणार. पिशवी बदलायला जितका उशीर, तितकं औषध एकदम शिरेत."

कडकन आवाज झाला. आत्याबाईंच्या दाताखाली गोळी फुटली होती.

मी नोंद केली. नियम तो नियम. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "समजलं?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या ओळीमुळे काय होणार होतं ते आमच्या कोणाहीपेक्षा त्यांना जास्त दिसत असणार. कोणी दुसरं असतं तर उठून बाहेर गेलं असतं, रडलं असतं, निदान दिव्याखाली अंधार म्हणून कपाळावर हात मारून घेतला असता. "समजलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डबा ओढला, त्यातून दुसरी गोळी काढली, तोंडात टाकली आणि चष्मेवालीला हाताने खूण केली. अजून पानं उरली होती.

मी अनेक शूर माणसांबद्दल ऐकलंय. मला विचाराल तर मी पाहिलेलं शौर्य ते, लिमलेटची दुसरी गोळी. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाचन चालू होतं.

खोकी थांबली. ओळ बदलली, पुन्हा वाचली, आम्ही पंप थांबवून जेवायला गेलो आणि परत येऊन सुरू केला, मगच सगळं रवाना झालं. साहेबांनी दवाखान्यांना काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. एवढं खरं, की खोली राहिली, आणि पुढे आत्याबाई निवृत्त झाल्यावर पत्र्याचा डबा खवचटकडे गेला. तो आता नव्या पोरांना 'समजा' म्हणून इतका पिडतो, की त्याच्या पाठीमागे त्याला काका म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. दुपारी मी वॉर्डात त्यांच्याजवळ बसले होते. उशाशी खांब, खांबाला पिशवी, मधे पंप. आमचाच नमुना. वर छापलेलं कंपनीचं नाव आता बदललं होतं, पण बटणांची जागा मी अंधारातही ओळखली असती. सिस्टर आली, तिने पंप थांबवला आणि संपलेली पिशवी काढली. तेवढ्यात वॉर्डाच्या टोकाला कोणीतरी पलंगावरून उतरू लागलं, आणि ती नवी पिशवी तशीच ठेवून तिकडे धावली.

ती लवकर येईना.

"अगं, हे बंद पडलंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"बंद नाही हो, थांबवलंय. पिशवी बदलतायत."

"मग आता मागचं राहिलेलं सगळं एकदम देणार की काय?"

आमच्या खोलीत शिकल्यासवरल्या माणसांना जे दोन बैठकींनी सुचलं, ते त्यांनी उशीवरून डोकंही न उचलता विचारलं. म्हणजे ज्याच्या शिरेत सुई असते, त्याला ते आपोआप सुचतं. "नाही देणार," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना माहीत होतं."

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. माझ्यावरचा त्यांचा विश्वास एरवी बेताचाच असतो.

सिस्टर परत आली. तिने पिशवी अडकवली, सासूबाईंची उशी सारखी करता करता दुसऱ्या हाताने बटण दाबलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली. पंपाकडे तिने धड बघितलंही नाही. मी बघत होते. श्वास रोखून बघत होते. नळीत एक थेंब पडला. मग मधे पहिल्यासारखाच वेळ गेला, आणि दुसरा पडला. कसली घाई नाही. सासूबाई घोरू लागल्या.

मला राहवेना. बाहेर व्हरांड्यात जाऊन मी आत्याबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सिस्टर कशी गेली, किती वेळ आली नाही, सासूबाईंनी काय विचारलं, आणि मग सुरू केल्यावर काहीच झालं नाही.

"काहीच नाही?" आत्याबाई म्हणाल्या. "नीट बघितलंस ना?"

मी आत जाऊन पुन्हा बघितलं.